सहाची सुकती

पहाटे ४. आज आषाढी अमावास्या, उधाणाचा दिवस. वसईच्या खाडीत सहाच्या सुमारास सुकती लागेल. गाडीत द्रवरूप नायट्रोजनचं भांडं रात्रीच बांधून ठेवलंय. उणे १९६ अंशांचा हा द्रव सारखा वाफ होत राहतो आणि बंद गाडीत गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून पाऊस असला तरी काचा खालीच.

५.३०. नायगावच्या बाजूला, तिवरांच्या कडेनं, गुडघाभर चिखलात. पुलावरून विरारची लोकल धडधडत जाते. शिंपल्या वेचणाऱ्या मावशी माझ्या आधीच पोचलेल्या. "आमच्या घे ना, चांगल्या मोठ्या आहेत," म्हणून बादली पुढे करतात. नको म्हणताना वाईट वाटतं, पण मला तपासायचा असतो तो खाडीतल्या घाणीचा शिंपलीच्या अंगातल्या रसायनांवरचा परिणाम. शिंपली मिटून बसली की आतला जीव ऑक्सिजनविना दिवस काढू लागतो आणि त्याच्या अंगात सक्सिनिक आम्ल साठतं. तासाभरानं मला दिसेल तो त्रास खाडीचा नसेल, बादलीचा असेल.

म्हणून पाण्याखालचीच शिंपली उचलायची. सुरीनं स्नायू कापायचा, कल्ले काढायचे, फॉइलमध्ये गुंडाळून थेट नायट्रोजनमध्ये. 'चर्र' आवाज येतो आणि पेशीतली सगळी रसायनं आहेत तिथं थांबतात. एका शिंपलीला मिनिटाच्या आत हे व्हायला हवं. आज २४ करायच्यात.

६.१५. पाण्याचा खारटपणा, तापमान, ऑक्सिजन. पावसाळ्यात खारटपणाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथं येते, वाटेत वालधुनीसारख्या नद्या, नाले पोटात घेते. पुरासोबत घाण येते, तसं गोडं पाणीही येतं. पाणी गोडं झालं की शिंपली पेशींतलं टॉरिन, बीटेन कमी करते. त्याला विषाचा परिणाम समजलं तर सगळं मुसळ केरात.

११. प्रयोगशाळा. गोठलेले कल्ले कुटून गार मिथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि पाण्यात. नळी फिरवल्यावर दोन थर पडतात. वरच्यात अमिनो आम्लं, साखरा. खालच्यात स्निग्ध द्रव्यं. प्रत्येक नमुन्यातला थेंब घेऊन एक मिश्र नमुनाही करते. तो दर थोड्या वेळानं यंत्रात जातो. त्याचं उत्तर बदललं तर दोष यंत्राचा.

४. मास स्पेक्ट्रोमीटर सुरू. आता रात्रभर चालेल.

६. मागच्या खेपेचे आलेख. रसायनांची शिखरं हजारोंनी, नावं लागतात थोड्यांनाच. पण बाटलीतल्या पाण्याची तपासणी आपण जे शोधतो तेवढंच दाखवते. शिंपलीच्या अंगातला बदल आपण न शोधलेल्या रसायनामुळेही उमटतो. या कामावर माझा जीव जडला तो एवढ्यासाठी. तरी शिंपल्या खाव्यात की नाही, हा मावशींचा प्रश्न याने सुटत नाही. त्यासाठी शिंपलीतले जड धातू आणि जंतू वेगळे मोजावे लागतात. मी त्यांना तसंच सांगितलंय.

८.३०. घरी. वहीत शेवटची ओळ: सुकतीची वेळ, पाऊस, खारटपणा.

खाडीकाठी राहणाऱ्यांना एक विनंती. मेलेले मासे दिसले किंवा पाण्याला वेगळा वास आला, तर फोटोसोबत वेळ, जागा आणि पाणी भरतीचं होतं की ओहोटीचं, हे लिहून ठेवा. घाण समुद्राकडून आली की नदीकडून, हे शोधायला सुरुवात तिथूनच होते.