हलका रोटर निवडताना माझं काय चुकलं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी सायकलच्या डिस्क ब्रेकच्या रोटरसाठी पदार्थांचा एक तक्ता केला होता. रोटर हलका हवा आणि त्यात उष्णताही मावली पाहिजे, म्हणून मी विशिष्ट उष्मा बघितला. स्टेनलेस स्टीलचा एका ग्रॅमला ०.४६ ज्यूल प्रति अंश, अ‍ॅल्युमिनिअमचा ०.९०. म्हणजे जवळजवळ दुप्पट! अ‍ॅल्युमिनिअम पहिल्या नंबरवर. सेमिनार चार दिवसांवर होता. सरांनी तक्ता बघून एवढंच विचारलं, "रोटरची जाडी कोण ठरवतं?"

मी गप्प.

जाडी कॅलिपर ठरवतो. पॅडच्या फटीत बसणारा रोटर साधारण १.८ मिमी जाड असतो. व्यासही (१६० मिमी वगैरे) ठरलेला. म्हणजे पदार्थ बदलला तरी आकारमान तेवढंच राहतं. मग तुलना ग्रॅममागे नाही, घनसेंटिमीटरमागे करायला हवी. त्यासाठी विशिष्ट उष्म्याला घनतेने गुणायचं: स्टील ३.६, अ‍ॅल्युमिनिअम २.४, टायटॅनियम २.३ ज्यूल. क्रम उलटाच झाला!

आता एक साधं गणित करू. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी ३६ किमी. थांबताना ४५०० ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ती सगळी एकाच रोटरच्या १५ घनसेंटिमीटर धातूत गेली असं धरा. स्टील सुमारे ८४ अंशांनी तापेल, अ‍ॅल्युमिनिअम १२४ अंशांनी. वजनात ७५ ग्रॅम वाचले, पण तापमान ४० अंश जास्त चढलं. हे झालं एकदा थांबताना. घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो आणि रोटरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्यात साधारण २०० अंशांपुढे अ‍ॅल्युमिनिअमच्या नेहमीच्या मिश्रधातूंची ताकद झपाट्याने उतरते. शिवाय पृष्ठभाग मऊ, त्यामुळे पॅडखाली झिजही जास्त. टायटॅनियम तापमान सोसतं, पण त्याची उष्णतावाहकता स्टीलपेक्षाही बरीच कमी आहे, त्यामुळे घर्षणाच्या जागची उष्णता लवकर पसरत नाही.

मग अ‍ॅल्युमिनिअम बादच का? तसंही नाही. उष्णता वाहून नेण्यात ते स्टीलच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून शिमानोच्या काही रोटरमध्ये दोन बाजूंना स्टेनलेस स्टील आणि मध्ये अ‍ॅल्युमिनिअमचा थर असतो. घर्षण स्टील सोसतं, उष्णता अ‍ॅल्युमिनिअम पसरवतं. एका पदार्थाला न जमणारं काम दोघांत वाटून दिलंय.

तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहीत असाल तर गुणधर्मांचा तक्ता नंतर उघडा. आधी कागदावर तीन ओळी लिहा: या भागाचं काम काय, काय ठरलेलं आहे आणि मला काय बदलता येतं. माझ्या तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त मधली ओळ मी लिहिलीच नव्हती.