बाजारभावाची किल्ली

कांदा चाळींत ठेवावा कीं बाजारीं न्यावा, हा प्रश्न भाव कळल्यावांचून सुटत नाहीं. देशांतील अनेक बाजारसमित्यांचे रोजचे भाव भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळतात, व 'आर' ही आंकडेशास्त्राची संगणकभाषा ते घरबसल्या आणून देते. मात्र त्यास किल्ली लागते. नांव नोंदविलें म्हणजे ही किल्ली, एक लांबलचक अक्षरमालिका, आपल्या खात्यांत मिळते. आम्हीं आळसानें नमुन्याची किल्लीच वापरली. तिनें एका वेळीं दहाच नोंदी येतात. त्यांत आमचा बाजार नव्हता, आणि आम्ही तेथें आवकच नाहीं असें समजून बसलों! दोष सर्वस्वीं आमचा.

किल्ली प्रोग्रामच्या मजकुरांत लिहूं नये. मजकूर शेजाऱ्यास दिला कीं किल्लीही गेली. 'डॉट आर-एन्व्हायरन' नांवाच्या फाइलींत एका ओळींत नांव, बरोबरचें चिन्ह व किल्ली लिहावी, आणि ओळीअखेर एन्टर अवश्य दाबावें.  मग आर बंद करून पुन्हां सुरू करावें. प्रोग्रामांत 'सिस डॉट गेटएन्व्ह' या आज्ञेनें त्या नांवाची किल्ली मागवावी. कोरें उत्तर आल्यास नांवाचीं इंग्रजी अक्षरें, लहानमोठीं धरून, ताडून पाहावींत.