चष्म्याआधी समुपदेशक

आघात सोसलेल्या विद्यार्थ्याला आभासी वास्तवाच्या चष्म्यातून त्या भयप्रसंगासारख्या दृश्यासमोर थांबत थांबत नेणे, ही मानसिक आघातावरच्या उपचाराची एक रीत. अमेरिकेत १९९०च्या दशकात ती व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांवर वापरली गेली. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १६२ सैनिकांवरच्या चाचणीत प्रसंग आठवून बोलण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा चष्म्याने जास्त गुण आला नाही; सहा महिन्यांनी तर जुनी पद्धतच सरस ठरली. मुलांबाबतचा पुरावा याहून तोकडा आहे. म्हणूनच राहुरीत, जिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे शेतकरी घरांतली मुले वसतिगृहात राहतात, पहिला खर्च समुपदेशकावरच व्हावा. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, मग यंत्राने ती उणीव का भरू नये, हा आक्षेप रास्त आहे. मात्र भीती अनावर झाली की दृश्य थांबवायचे, मुलाला सावरायचे आणि पुढे कधी जायचे हे ठरवायचे, ही कामे शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाचीच. तो नसेल तर जखम पुन्हा उघडी पडण्याचा धोका आहे. समुपदेशक मिळेपर्यंत ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतून, चोवीस तास मदत देतो, तो प्रत्येक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर हवा.