क्रांतिकाळातील हेर आणि त्यांच्या प्रेमकथा

हेराच्या कथेत रहस्य असते हे सांगायला व्याख्यान नको. परंतु राज्यक्रांतीच्या धामधुमीतला हेर अद्भुतरम्य कादंबरी लिहिणाऱ्यांना इतका का आवडतो, हे मात्र पाहण्याजोगे आहे. अशा काळात माणूस कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न दरबारापुरता राहत नाही. तो घरात शिरतो. नवराबायकोने एकमेकांवर विश्वास ठेवावा की नाही, हेच कथानक होऊन बसते.

बॅरोनेस ऑर्झी यांची १९०५ साली निघालेली ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही या जातीची अत्यंत गाजलेली कादंबरी. सर पर्सी ब्लेकनी हा इंग्रज सरदार वेषांतर करून फ्रेंच उमरावांना गिलोटिनच्या तावडीतून सोडवतो आणि लंडनात मात्र कपड्यांपलीकडे अक्कल नसलेला छानछोकी गृहस्थ म्हणून मिरवतो. त्याची पत्नी मार्गरीत ही मूळची फ्रेंच नटी. तिच्या भावाचा जीव शोव्हलँ या क्रांतिसरकारच्या हस्तकाच्या मुठीत असतो. भाऊ वाचवायचा तर त्या अज्ञात इंग्रजाचा माग तिने काढून द्यायचा. तो अज्ञात म्हणजे आपलाच नवरा, हे तिला ठाऊक नाही. नवराही सांगत नाही. कारण तिच्या शब्दाने एक घराणे वधस्तंभावर गेले, असे त्याच्या कानी आलेले असते. यातली हेरगिरी काढली तर प्रेमकथा उरत नाही. प्रेमकथा काढली तर हेरगिरी म्हणजे पोरांची लपाछपी!

आता इतिहासाकडे पाहू. कथेचा काळ सप्टेंबर १७९२. उमरावांनी भरलेल्या गाड्या रोज गिलोटिनकडे चालल्या आहेत, हे चित्र त्या महिन्याचे नव्हे. त्या वेळी पॅरिसच्या तुरुंगांत जमावाने हजाराहून अधिक कैदी कापून काढले आणि त्यांतले बहुसंख्य साधे गुन्हेगार होते. ‘दहशतीचे राज्य’ आले ते पुढे, १७९३-९४ मध्ये. त्यात रीतसर शिक्षा होऊन सुमारे साडेसोळा हजार माणसे मेली. त्यांत दहांत एकही उमराव नव्हता. उरलेल्या शेतकऱ्या-कारागिरांना सोडवायला पर्सी येत नाही. लेखिका हंगेरीतल्या जमीनदार घराण्यातली. शेतकरी उठतील या भीतीने तिच्या आईबापांनी १८६८ साली आपली जहागीर सोडली होती. तिला क्रांती दिसली ती वाड्याच्या खिडकीतून. खरा शोव्हलँ तर स्वतःच मार्क्विस, फ्रान्सचा लंडनमधला राजदूत. १७९३ च्या जानेवारीत फ्रेंच राजाच्या वधानंतर इंग्लंडने त्याला घालवून दिले आणि मायदेशी दहशतीच्या काळात तोच तुरुंगात पडला. पर्सीने सोडवावा असा हा माणूस!

याच्या कितीतरी आधी, १८२१ साली, अमेरिकेतल्या जेम्स फेनिमोर कूपरने ‘द स्पाय’ लिहिली. तिचा नायक हार्वे बर्च हा फेरीवाला. न्यूयॉर्कच्या उत्तरेला दोन्ही फौजांच्या मधल्या मुलखात तो माल विकत हिंडतो आणि वॉशिंग्टनला बातम्या पुरवतो. लोक मात्र त्याला इंग्रजांचा हेर समजतात. कादंबरीत प्रेम आहे, पण ते जमीनदाराची मुलगी फ्रान्सेस आणि तिचा लष्करी अधिकारी यांचे. बर्चच्या वाट्याला बायको नाही आणि घरही राहत नाही. वॉशिंग्टनने देऊ केलेले पैसेही तो घेत नाही. मला पर्सीपेक्षा हा फाटका माणूस अधिक खरा वाटतो. पुढे पुन्हा इंग्रजांशी युद्ध पेटते, त्यात म्हातारा बर्च पडतो आणि त्याच्यापाशी पत्र्याच्या डबीत वॉशिंग्टनच्या सहीचा कागद सापडतो.