घरचा शॅम्पू : पूड साठवा, काढा ताजा करा

शहापूर-मुरबाडच्या आपल्या बचतगटांत सध्या घरच्या शॅम्पूचा विषय निघतो. रानात शिकेकाई आहे, दारात जास्वंद आहे, मग दर आठवड्याला दुकानातून पाऊच कशाला आणायचे? बरोबर आहे. पण आधी आमची फजिती ऐका.

म्हसा यात्रेत विकायला म्हणून आम्ही आठवडाभर आधी शिकेकाई-रिठ्याचा काढा केला आणि 20 बाटल्या भरल्या. जत्रेत पहिलंच झाकण उघडलं तर आंबूस वास! एक आजी म्हणाल्या, "बाय, हे डोक्याला लावायचं का वांग्यांना घालायचं?" सगळ्या बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. गटाचे पैसे गेले ते गेलेच.

चूक कुठे झाली? शिजवलेलं वरण जसं विटतं, तसाच हा काढाही विटतो. दुकानातल्या शॅम्पूत तो टिकावा म्हणून औषध घातलेलं असतं, आपल्या काढ्यात ते नसतं. म्हणून आता आम्ही कोरडी पूड साठवतो आणि काढा न्हाण्यापुरताच करतो.

पुडीचं प्रमाण : शिकेकाई पाव किलो, रिठ्याची साल 100 ग्रॅम, आवळकाठी 100 ग्रॅम, मेथी 50 ग्रॅम. शिकेकाई आणि रिठे यांच्या बिया काढून टाका. सगळं कडकडीत वाळवा. कांडताना नाकाला पदर बांधा, शिकेकाईची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. दमा असेल त्या बाईने कांडायला बसू नये. पिठाच्या गिरणीत हे दळू नका, मागून येणाऱ्या पिठात रिठ्याचा कडूपणा उतरतो. पूड चाळून कोरड्या बरणीत भरा. ओला चमचा घालू नका.

काढा : दोन मोठे चमचे पूड दीड पेला पाण्यात रात्री भिजवा. सकाळी मंद आचेवर निम्मं पाणी उरेपर्यंत उकळा. गार झाल्यावर पातळ फडक्यातून गाळा, नाहीतर केसांत चोथा अडकतो. जास्वंदाची चार-पाच पानं पाण्यात कुस्करून तो बुळबुळीत रस गाळून यात मिसळला तर केस मऊ राहतात. उरलेला काढा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

फेस कमी येतो म्हणून घाबरू नका. रिठा-शिकेकाईत फेस आणणारा आणि तेल-मळ सोडवणारा एक पदार्थ निसर्गतःच असतो. फेस थोडा आला तरी मळ निघतो.

जपायचं काय? रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं. डोकं मागे करून धुवा, आणि गेलंच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा. तान्ह्या बाळाला हे लावू नका. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज आली तर सोडून द्या.

आणखी एक. केस मुठीने गळत असतील तर नुसत्या शिकेकाईवर विसंबू नका. अंगात रक्त कमी असलं तरी केस गळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.

विकायचं असेल तर : घरापुरतं करायला परवाना लागत नाही. पण शॅम्पू बनवून विकायचा तर तो सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तोवर वाळवलेल्या शेंगा, रिठे विकता येतील. शहापुरात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून रानातली गुळवेल मोठ्या कंपन्यांना विकून दाखवली आहेच. वनहक्क कायदा 2006 ने गौण वनउपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. मात्र वेल मुळातून तोडू नका. शेंगा वाळल्यावर काढा आणि काही वेलीवरच राहू द्या.

यंदा आम्ही बाटल्या भरणार नाही. पुडीची बरणी तेवढी भरून ठेवली आहे. तुम्हीही आधी एका न्हाण्यापुरतं करून बघा.