चाकांचा रंग टिकवायचा कसा?



खंडेनवमी जवळ आली की आपण ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन काढतो. घाईघाईने रंगाचा स्प्रे-डबा आणतो, चाकांच्या डिस्कवर फवारा मारतो, हार घालतो. त्या दिवशी चाकं अगदी नवीकोरी दिसतात. पुढे उसाचा हंगाम सुरू होतो आणि संक्रांतीच्या आत रंगाचे पोपडे निघू लागतात. मग आपण म्हणतो, "रंगच बनावट निघाला!" पण पुष्कळदा दोष रंगाचा नसतो. मशागत न करता पेरलं तर चांगलं बियाणंही वाया जातं. रंगाचंही तसंच आहे.

रंग का सुटतो?

चाकाला चिखल, शेण, खत आणि ग्रीस सतत लागत असतं. काळी माती ओल धरून ठेवते. रासायनिक खतांतले क्षार लोखंड खातात. रंगाखाली थोडा जरी गंज राहिला तरी तो आतल्या आत वाढत जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. अशा वेळी कितीही भारी रंग मारा, वरून कीर्तन आणि आतून तमाशा!

आधी मशागत

१. शक्य असेल तर चाक उतरवूनच रंगवावे. ट्रॉली रिकामी व सपाट जागी असावी, बाकीच्या चाकांना उटी लावावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

२. चिखल खरवडून चाक धुवावे. ग्रीसचे डाग डिझेलच्या चिंधीने पुसावे. पण डिझेलचा तेलकटपणा मागे राहतो, म्हणून लगेच साबणाच्या पाण्याने पुन्हा धुऊन चाक पुरतं वाळू द्यावे.

३. सुटा रंग आणि गंज तारेच्या ब्रशने काढावा. मग पॉलिश पेपरने घासावे. जो जुना रंग घट्ट आहे तो सगळा काढायची गरज नाही. त्याची चकाकी जाईपर्यंत घासला की पुरे. शेवटी थिनरच्या स्वच्छ चिंधीने पुसावे.

४. आता डिस्क नीट न्याहाळा, विशेषतः नटांच्या भोकांभोवती. भेग दिसली तर तिच्यावर रंग मारून झाकू नका. भरल्या ट्रॉलीखाली तीच भेग घात करते. अशी डिस्क बदलावी. टायर चढवलेल्या रिमला कधीही वेल्डिंग करू नये. आतली हवा तापून टायर फुटतो आणि जीव जाऊ शकतो.

रंग मारताना

टायर आणि व्हॉल्व्ह रद्दी व चिकटपट्टीने झाकून घ्यावेत. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा. नाही तर रात्रीच्या दवाने पुन्हा गंज धरतो. रेड ऑक्साईड नीट वाळल्यावरच रंग मारावा. जुन्या रंगावर आधी एका कोपऱ्यात थोडा फवारा मारून पाहावा. सुरकुत्या आल्या तर दोन रंगांचं जमत नाही असे समजावे.

डबा आतली गोळी वाजू लागल्यावर आणखी एक-दोन मिनिटं हलवावा. चाकापासून साधारण एक वीत अंतर ठेवून हात सतत फिरता ठेवावा. पिकावर औषध मारताना पान भिजलं की आपण पुढे सरकतो, ओघळ येऊ देत नाही. इथेही तेच धोरण. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. दोन हातांमध्ये किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळावे.

भर उन्हात तापलेल्या लोखंडावर, पावसाळी दमट हवेत किंवा वाऱ्यात रंगकाम करू नये. सकाळी दव उडून गेल्यावर, मोकळ्या सावलीत करावे. नाकातोंडावर मास्क लावावा. जवळ विडी-काडी, चूल नको. रिकामा डबाही आगीत टाकू नये.

हे विसरू नका!

डिस्क जिथे हबला टेकते ती बाजू आणि नट बसतो ती जागा रंगवू नये. तिथे रंगाचा थर राहिला तर ओझ्याखाली तो दबतो आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. चाक निखळून ट्रॉली उलटायला तेवढं कारण पुरतं. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. पहिली खेप झाली की पुन्हा पाना लावून पाहावा, दुसऱ्या दिवशीही पाहावा.

नंतरची निगा

रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला आठवडाभर जातो. तोवर चाकं जोराच्या पाण्याने धुऊ नयेत, डिझेल सांडू देऊ नये. खत किंवा शेणखत वाहिलं की त्याच दिवशी चाकं साध्या पाण्याने धुवावीत. दगड लागून टवका उडाला तर लगेच घासून तेवढ्यापुरता रंग लावावा.

म्हणून बंधूंनो, यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधीच कामाला लागा. रंगाला एक दिवस आणि घासण्याला दोन दिवस, असा हिशेब धरा. चाकंही टिकतील आणि त्यावरचा मालही सुखरूप पोहोचेल.