लघु संकेतस्थळाच्या दृश्यरचनेतील एकसूत्रता : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : संकेतस्थळ, दृश्यरचना, देवनागरी टंक, रंगसंगती, शैलीपत्रक

प्रस्तावना :
ग्रंथालय, शाळा, पतसंस्था वा लघुउद्योग यांची संकेतस्थळे बहुधा मोजक्या पृष्ठांची असतात. ही पृष्ठे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या व्यक्तींकडून तयार होतात आणि प्रत्येक पृष्ठाचा रंग, टंक व मांडणी वेगळी होत जाते. शोधयंत्राद्वारे येणारा वाचक पुष्कळदा थेट आतील पृष्ठावर पोहोचतो. ते त्याच संस्थेचे आहे, ही खात्री त्याला प्रथम दृश्यरचनेवरूनच पटते. शुल्क भरण्याचे पृष्ठ परके वाटल्यास तो व्यवहार करण्यास कचरतो. म्हणूनच एकसूत्रता हा विश्वासार्हतेचा प्रश्न ठरतो.

एकसूत्रतेचा अर्थ :
नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली व डिसेंबर २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज मार्गिका आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही ॲक्वा मार्गिका सीताबर्डी येथे एकत्र येतात. नारिंगी रंग दोन्ही मार्गिकांसाठी वापरला, तर तेथे गाडी बदलणारा प्रवासी गोंधळेल. संकेतस्थळालाही हेच तत्त्व लागू पडते. सर्व पृष्ठे तंतोतंत सारखी असणे म्हणजे एकसूत्रता नव्हे. एका दृश्यखुणेला सर्वत्र एकच अर्थ असणे म्हणजे एकसूत्रता होय. तांबडा रंग अंतिम मुदतीसाठी राखून ठेवला असेल, तर शीर्षके तांबडी करू नयेत. अन्यथा मुदतीची सूचना वाचकास सजावट वाटते आणि अर्ज भरावयाचा राहून जातो.

देवनागरीचे विशेष :
नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. येथे मराठी व हिंदी शेजारी नांदतात. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असली तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूढ रूपे भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र या अक्षरांच्या दोन्ही रूपांना संकेतांक एकच असतो. कोणते रूप दिसावे हे टंक ठरवितो. त्यामुळे दोन्ही रूपांची सोय असलेला टंक निवडून प्रत्येक पृष्ठाच्या संहितेत त्याची भाषा नोंदविणे आवश्यक ठरते.

वेलांटी, मात्रा व उकार अक्षरांच्या वर-खाली येत असल्याने देवनागरीस रोमन लिपीपेक्षा ओळींमध्ये अधिक अंतर लागते. अक्षरांमधील अंतर मात्र वाढवू नये, कारण त्यामुळे शिरोरेखा तुटते.

रंगाची मर्यादा :
संत्र्यांच्या या शहरात नारिंगी रंगाचा मोह स्वाभाविक आहे. तथापि २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका प्रकाशभेद हवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील उजळ नारिंगी अक्षरे हा निकष पूर्ण करीत नाहीत. वृद्ध व मंददृष्टी वाचकांना ती कष्टाने वाचावी लागतात. नारिंगी पट्टीवर काळी अक्षरे हा त्यावरील सोपा मार्ग होय.

अंमलबजावणी :
शैलीपत्रकाचे पहिले प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे रंग, टंक व अंतरे यांचे नियम एकाच धारिकेत लिहून सर्व पृष्ठांना लागू करता येतात. नियम एकदा बदलला की सर्व पृष्ठे बदलतात. याच्या जोडीला संस्थेने एक पानी नियमावली करावी : एक मुख्य रंग, एक सूचनेचा रंग, एक देवनागरी टंक, शीर्षकांचे दोन आकार आणि मुख्य दुव्यांची ठरलेली जागा. पृष्ठ तयार करणारी व्यक्ती बदलली तरी नियमावली टिकून राहते.

समारोप :
लघु संस्थेस स्वतंत्र रचनाकार नेमणे परवडतेच असे नाही. थोडे नियम ठरवून ते सातत्याने पाळणे मात्र तिच्या आवाक्यात असते. अशा संकेतस्थळावर वाचकाचे लक्ष मांडणी उलगडण्यात खर्च होत नाही. ते माहितीकडे वळते.